दत्तक आलेल्या पणजोबांचे जन्मघराणे शोधण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझे पणजोबा लहानपणी औसा तालुक्यातील आमच्या घरात दत्तक आले, एवढे सर्वांना ठाऊक आहे. ते कोणाच्या पोटचे, हे मात्र कोणीच सांगू शकत नाही. आजी "ते गंगथडीचे" इतकेच म्हणत असे, आणि गंगा म्हणजे आपल्याकडे गोदावरी, त्यामुळे पैठणपासून नांदेडपर्यंतचा सारा काठ शोधावा लागणार.

१९५४-५५ च्या खासरा पत्रात (जमिनीच्या जुन्या नोंदीत) त्यांच्या नावापुढे दत्तक वडिलांचेच नाव आहे, म्हणजे पुढचा प्रत्येक उतारा मला त्याच घराकडे नेतो. आजीच्या ट्रंकेत मात्र उर्दूतील एक जीर्ण कागद सापडला. एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी त्यावरील 'मुतबन्ना', म्हणजे दत्तक, हा शब्द आणि १३३६ हे फसली (निजामी राज्यातील महसुली) साल वाचून दिले; ५९० मिळवले की १९२६ च्या सुमाराचे साल येते. पण जन्मदात्याचे नाव जिथे असावे, नेमक्या त्याच घडीवर कागद विरला आहे. या दत्तकपत्राची नोंदणी झाली असल्यास नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात मागावी, की हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात जावे?

दुसरा प्रश्न डीएनए चाचणीचा. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जाते, त्यामुळे मी मुलगी असल्याने ते माझ्यात नाही, काकांमध्ये आहे. परंतु भावकी जुना दत्तक उकरून जमिनीचा वाद काढील, या धास्तीने ते नमुना देत नाहीत. शिवाय पूर्वी दत्तकासाठी बहुधा भावकीतलेच पोर पाहत. तसे झाले असेल तर दोन्ही घरांचे वाय सारखेच निघेल आणि चाचणी करूनही हाती काही लागणार नाही.

म्हणून थोरल्या आत्याची ऑटोसोमल चाचणी (आई-वडील दोघांकडून येणाऱ्या इतर गुणसूत्रांची) करावी असे वाटते. ती पणजोबांची नात असल्याने तिच्यात त्यांचा सरासरी २५ टक्के वारसा आहे, माझ्यात १२.५ टक्केच. पणजोबांच्या सख्ख्या भावाचे नातवंड सापडले, तर त्याचे आत्याशी सुमारे ३ टक्के जुळेल. अशा चाचण्या करणाऱ्या कंपन्यांकडे आपल्या भागातील नमुने फार थोडे असल्यामुळे नातलग आपोआप सापडणार नाहीत, हे मला समजते. तरीही आत्याचे वय पाहता नमुना आधी द्यावा आणि कागद मागाहून शोधावा का? तिची तयारी आहे. लाळ देण्यापूर्वी अर्धा तास चहा चालत नाही, एवढीच तिची तक्रार आहे.