नाताळ, दोन पुरुष आणि शिंगवाला डेमन: एवढं गोड कशाला?

खारीबिस्कीट: डिसेंबर आला की किंडलवर त्याच गोष्टी. एकटा पडलेला मुलगा, बाहेर बर्फ, चुकून बोलावला गेलेला डेमन, दोघं मिळून केक करतात आणि शेवटी मिठीत. समाज आधीच गे मुलांना पापी म्हणतो, वर त्यांच्या पदरात सैतानच टाकायचा? आणि एवढी साखर, की आयुष्य असंच असतं वाटून पोरं फसतील.

निशाचर_डोंबिवली: खारीताई, तुमचं वाचलं आणि झोप गेली म्हणून लिहितोय. बावीसचा असताना मी घरी सांगितलं तर आई म्हणाली तुझ्या अंगात काहीतरी शिरलंय, आणि अमावास्येला एका बाबाकडे नेलं. धूर एवढा की डोळे उघडेनात, आणि तो माणूस माझे केस धरून माझ्यातल्या "त्याला" विचारत होता, तू कोण, कुठून आलास. ती दिवाळी ठाण्याला पीजीत काढली, मेस बंद, चार दिवस ब्रेड-जॅम. तेव्हा फोनवर अशीच एक गोष्ट वाचली. त्यातला डेमन दारात उभा राहून विचारतो, आत येऊ का? तोवर मला कोणीच काही विचारलं नव्हतं. 6 सप्टेंबर 2018 ला, आम्हाला गुन्हेगार ठरवणाऱ्या कलम 377 मधून सुटलो, 17 ऑक्टोबर 2023 ला लग्नाला कोर्ट नाही म्हणालं. निदान गोष्टीत तरी गोड होऊ दे की. आमच्या गोष्टीत शेवटी कोणीतरी मरायलाच हवं का?

साल्झबर्गची_सून: सैतान म्हणणंच मुळात चूक आहे. इथे ऑस्ट्रियात 5 डिसेंबरला क्रॅम्पस निघतात, म्हणजे शिंगवाल्या राक्षसाचं सोंग घेतलेली माणसं, अंगावर बोकडाची कातडी, लाकडी मुखवटा, कमरेला गुरांच्या घंटा, हातात बर्चच्या काटक्या. पहिल्या वर्षी पोटरीवर असा फटका बसला की जीन्समधूनही वळ उठला. मग कोपऱ्यावर त्यानेच मुखवटा काढला, आत एकोणीस-वीसचा घामाघूम पोरगा, माझ्या लेकाला घंटा वाजवायला दिली त्याने. क्रॅम्पस हा मुलांना खाऊ वाटणाऱ्या सेंट निकोलसच्या जोडीने फिरतो, त्याचा वैरी नाही. मराठीत राक्षस म्हणा फारतर.

सावंतवाडीकर: राक्षस कशाला? आमचा देवचार आहे ना. खांद्यावर घोंगडी, हातात दांडा, गावची शीव राखतो, रात्री चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो. आजी रोट आणि विडी ठेवायची, म्हणायची, "तो आसा म्हणान आपण आसव."

म्हापशेकार: आमच्या गोव्यातल्या ख्रिश्चन घरात देवचार म्हणजे सैतानच. आई चिडली की "देवचारा" म्हणून हाक मारायची, आणि ती लाडाची नसायची.

सावंतवाडीकर: हेच ते! पाद्र्यांनी आमच्या राखणदाराचं नाव उचलून सैतानाला चिकटवलं आणि तुम्ही अजून तेच चालवताय. आमच्या देवाला शिवी करून ठेवलीत.

म्हापशेकार: आवाज खाली. माझ्या आजीच्या तोंडचा शब्द आहे तो, तुमच्याइतकेच आम्ही इथले. आमच्या वाड्यावर कितीतरी ख्रिश्चन घरं राखणदाराला मेणबत्ती लावतात, माझी मावशीसुद्धा, आईपासून लपवून. ते तुम्हाला माहीत नसेल तर पाद्र्यांना दोष देऊ नका.

सावंतवाडीकर: मावशीचं माहीत नव्हतं. तेवढं घेतो मागे. शब्दाचं नाही घेत.

निशाचर_डोंबिवली: भांडा, पण ऐका. जो एकाच्या घरात देव आणि दुसऱ्याच्या घरात शिवी आहे, तोच तर माझा माणूस! मलाही एकाच घरात दोन्ही म्हटलंय, बारावीला बोर्डात आलो तेव्हा एक आणि त्या अमावास्येला दुसरं.

खारीबिस्कीट: निशाचर, बाबाचं वाचून पोटात गोळा आला. साखरेबद्दलचं मागे घेते, तुमच्यापुरतं. पण बऱ्याच गोष्टींत शेवटी डेमनची शिंगं गळतात आणि तो देखणा माणूस होतो, ते मला अजून खुपतं. बदलायचं कोणी आणि का?

निशाचर_डोंबिवली: त्यात तुमच्याशी शंभर टक्के. शिंगं राहिलीच पाहिजेत.

सावंतवाडीकर: मराठीत लिहिणार असाल तर नीट लिहा. देवचार "आत येऊ का" विचारत नाही. आधी लांबून दांड्याचा आवाज येतो, मग आपणच दार उघडायचं.