ऑक्सफर्ड युनियनमध्ये फॅशनवाले बोलले, तर बिघडले कोठे?

ध्रुवमत्स्य:
‘जेथे युद्ध आणि शांततेचा खल झाला, त्या ऑक्सफर्ड युनियनमध्ये आता शिंपी आणि मासिकांच्या संपादिका भाषणे देणार’ या शतपावली यांच्या कालच्या लेखातील विधानाला दोन ओळींत उत्तर देणे शक्य नव्हते, म्हणून हा स्वतंत्र धागा. १८२३ साली स्थापन झालेली ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांची ही वादसभा त्यांना बहुधा १९३३ च्या एकाच ठरावापुरती ठाऊक आहे. ‘राजा आणि देशासाठी लढणार नाही’ असे तेथे २७५ विरुद्ध १५३ मतांनी ठरले, हे मान्य. पण त्याच संस्थेच्या जुन्या सभागृहाचे, म्हणजे आजच्या ग्रंथालयाचे, छत १८५७ मध्ये विल्यम मॉरिसने रंगवले होते आणि पुढे कापडावरच्या नक्षीसाठीच तो जगभर ओळखला गेला. शिवाय याच संस्थेने १९६३ पर्यंत स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व दिले नव्हते. गंभीर विषय कोणते, हे ज्यांनी ठरवले, त्यांत एकही स्त्री नव्हती. शतपावली मात्र ती यादी अजून तोंडपाठ म्हणून दाखवत आहेत.

शतपावली:
मॉरिसने छत रंगवले, म्हणून प्रत्येक रंगाऱ्याला व्यासपीठ द्यायचे काय? माझा आक्षेप शिंप्यांना नाही, पद्धतीला आहे. वादसभेत ठराव असतो, समोर विरोधक असतो, शेवटी मतदान होते. फॅशनच्या पाहुण्यांना मात्र खुर्चीत बसवून ‘आपल्याला प्रेरणा कोठून मिळते?’ असे विचारले जाते. याला चर्चा म्हणत असाल, तर सत्कार कशाला म्हणतात?

कापूसवेचा:
२०१५ साली शशी थरूर यांचे ज्या भाषणासाठी आपण सर्वांनी कौतुक केले, ते याच सभागृहातले. ब्रिटिशांनी माग मोडले, आपल्या कापडावर जकाती लादल्या आणि स्वतःच्या गिरण्यांचा माल आपल्याच गळ्यात मारला, हा त्यातला मोठा मुद्दा होता. म्हणजे कपड्यांबद्दल राजकारणी बोलला की इतिहास, आणि कपडे करणारा बोलला की उथळपणा! २०१३ मध्ये ढाक्याजवळची राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली, तीही कपडेच शिवत होती. त्याचा जाब विचारायला फॅशनवाल्यांना बोलवायचे नाही, तर कोणाला?

करवीरकर:
जाब विचारायचाच असेल, तर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीला विचारा. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर आमच्या कोल्हापुरी चपला मिरवल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. गदारोळ झाल्यावर प्रेरणा मान्य केली. २०१९ पासून भौगोलिक मानांकन असलेली ही वस्तू महाराष्ट्राची आहे, हे त्या सभागृहात कोणीतरी खडसावून सांगितले पाहिजे.

निपाणीकर:
खडसावण्यापूर्वी मानांकनाचा कागद वाचावा. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. कर्नाटकातल्या अथणीच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या कातडे कमावायचे आणि श्रेय मात्र पेठेतल्या दुकानदारांनी घ्यायचे, हे प्राडाने केले त्याहून फारसे वेगळे नाही.

करवीरकर:
सीमावाद येथेही आणलात! शाहू महाराजांनी या धंद्याला आधार दिला, तेव्हा आपले चार जिल्हे कोठे होते?

निपाणीकर:
कातडे कमावत होते. आणि महाराजांचे नाव घेतले की कारागिराला मजुरी मिळते, असा समज असल्यास तो सोडून द्यावा.

अबोली:
चपलांवरून डोकी फुटण्यापूर्वी एक अनुभव सांगते. महाविद्यालयात असताना एका वक्तृत्व स्पर्धेत मी सलवार-कमीज घालून बोलले. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत ‘वेशभूषा’ असा रकाना होता आणि माझे गुण तेथेच कापले गेले, कारण साडी ‘विषयाला शोभली असती’. विषय होता स्त्रीस्वातंत्र्य! ऑक्सफर्डमध्ये तर २०१५ साली विद्यार्थ्यांनीच मतदान करून परीक्षेचा काळा झगा सक्तीचा ठेवला. वक्त्याने काय घालावे याचे नियम आवडीने पाळणाऱ्या मंडळींना त्या नियमांविषयी कोणी बोलले की मात्र विषय हलका वाटतो.

शतपावली:
अबोलीताई, आपले गुण कापणाऱ्यांचे समर्थन मी करणार नाही. फॅशनवाल्यांना बोलवावे, इतके मोठ्या मनाने मान्य करतो. मात्र ठराव ठेवून बोलवावे, आणि प्राडाच्या समोरच्या बाकावर अथणीचा कारागीर बसवावा.

करवीरकर:
कोल्हापूरचा.

ध्रुवमत्स्य:
मोठ्या मनाबद्दल आभारी आहे. कालच्या लेखात ठरावाचा किंवा मतदानाचा एक शब्दही नव्हता. होते ते केवळ शिंपी आणि संपादिका.