मदत हवी आहे: बेसाल्टची डायनॅमिक (झटक्याने दाब दिल्यावरची) ताकद खरंच वाढतेय की चाचणीचा खेळ आहे?

दख्खनच्या बेसाल्टवर स्प्लिट हॉपकिन्सन बारने (दोन लांब दांड्यांमध्ये नमुना ठेवून लाटेचा धक्का देणारं यंत्र) चाचण्या करतोय. दांडे 50 मिमी व्यासाचे, कोअर (दगडातून कापलेला दंडगोल) 42 मिमीचा, लांबीही तेवढीच. घट्ट काळ्या दगडाची नेहमीच्या यंत्रावर ताकद साधारण 160 मेगापास्कल आली (तिथे लांबी व्यासाच्या दुप्पट), तर बारवर सेकंदाला 100 च्या आसपास स्ट्रेन रेटला (नमुना किती वेगाने दबतो त्याचं माप) 240. इथवर ठीक. तडे पसरायला वेळच मिळत नाही, म्हणून ताकद वाढते, हे पटतं.

घोडं अडलंय ते सच्छिद्र नमुन्यांवर. पोकळ्यांत पांढरं झिओलाइट (एक खनिज) भरलेलं, बोटाने खरवडलं तरी निघतं. यांत पुढच्या आणि मागच्या टोकावरचं बल शिखर येईपर्यंत जुळतच नाही, म्हणजे आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. तांब्याची चकती पल्स शेपर (धक्क्याची लाट हळू चढवणारी) म्हणून लावली, जाडी बदलून पाहिली. टोकं घासून समांतर केली, ग्रीस लावलं. घट्ट दगडात बल जुळतं, म्हणजे स्ट्रेन गेज (दांड्यांवरची विकृती मोजणाऱ्या पट्ट्या) आणि दांड्यांची रांग बरोबर असावी. सगळे नमुने हवेत वाळवलेले आहेत.

हायस्पीड कॅमेरा नाही, जाड दांडे मिळणार नाहीत आणि सच्छिद्र नमुने फक्त 12 उरलेत, त्यामुळे उगाच फोडायचे नाहीत.

लांबी अर्धी केली तर लाट लवकर फिरून बल जुळेल, पण टोकांचं घर्षण आणि आडवं जडत्व (नमुना बाजूंना फुगताना होणारा विरोध) आकडा फुगवेल ना? शिवाय 21 मिमीच्या तुकड्यात 8-10 मिमीची एक पोकळी आली तर तो आकडा दगडाचा की पोकळीचा? अशा वेळी तुम्ही लांबी किती ठेवता? आणि दोन्ही यंत्रांवर लांबीचं प्रमाण वेगळं असताना 1.5 पटीतली खरी वाढ वेगळी कशी काढता?