मदत हवी आहे: सागाच्या फळ्यांत फट किती सोडू?

गाव गडचिरोली जिल्ह्यात. घराच्या माळ्याला सागाच्या फळ्या, एक इंच जाड, सहा इंच रुंद. पहिल्यांदा कडेला कड भिडवून फेविकॉल लावला, दोन्हीकडून खिळे ठोकले. मे महिन्यात फटीतून नाणं आरपार जायचं, श्रावणात मधल्या दोन फळ्या फुगून उचलल्या. भुसा-फेविकॉल भरला, तोही सुटला. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, हे तेव्हा कळलं.

आता सगळ्या काढून खाच-जीभ करतोय, म्हणजे एका फळीच्या कडेची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत बसेल. जीभ जाडीच्या तिसऱ्या हिश्शाची, म्हणजे ८ मिमी. सांध्यात फेविकॉल नाही, खिळा फक्त जिभेच्या बाजूनं तिरपा. राउटर (लाकडात खाच पाडायचं यंत्र) आहे, आमचे वाढई तयार आहेत. प्लायवूड नको, हेच लाकूड वापरायचंय. फळ्या उन्हाळ्यात कडक वाळलेल्या आहेत, काम पावसाआधी उरकायचंय. दर सांध्यात पावसाळ्यासाठी फट किती सोडू, आणि पुढच्या मे महिन्यात जीभ खाचेतून निसटू नये म्हणून ती किती लांब ठेवू?