मदत हवी आहे: प्रोसेसरच्या पंख्याची चाचणी नेमकी कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी. मी परभणीत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. रायझन ५ ३६०० या प्रोसेसरचे सहाही कोर ४.२ गिगाहर्ट्झवर ओव्हरक्लॉक केलेत, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेगानं चालवतोय. हिवाळ्यात काहीच त्रास नव्हता. आता दुपारी खोलीतच ३९ अंश असतात, अन् रेंडर (एडिट केलेल्याची अंतिम फाइल बनवणं) लावला की प्रोसेसर ९२ वर. याची मर्यादा ९५ आहे, त्यामुळं जीव टांगणीला लागतो.

प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या टॉवर कूलरवर १२० मिमीचा, मिनिटाला १५०० फेऱ्यांचा पंखा होता. आता ३००० फेऱ्यांचा आणलाय. आवाज पार शेजारच्या खोलीत जातो, फरक मात्र जेमतेम ३ अंश! खोक्यावरचा सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा) आकडा मोकळ्या हवेतला असतो. हीटसिंकच्या (कूलरचा उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) दाट पात्यांतून हवा ढकलायला स्टॅटिक प्रेशर, म्हणजे अडथळ्याविरुद्ध हवा रेटणारा दाब, लागतं. माझं इथंच चुकलं असावं.

शिवाय जुना पंखा सकाळी तपासला, नवा भर दुपारी. म्हणजे तुलनाच कच्ची. आता कॅबिनेटच्या तोंडाशी थर्मामीटर लावून, प्रोसेसरच्या तापमानातून तिथलं तापमान वजा करून आकडे लिहितोय. सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) १० मिनिटं चालवतो. तेवढं पुरतं का, की अर्धा तास हवा? दोन्ही पंखे सारख्या फेऱ्यांवर तपासावेत की सारख्या आवाजावर?

आणखी एक. खोलीत पाण्याचा कूलर लावला की तापमान उतरतं, पण ओलाव्यानं मदरबोर्डला धोका आहे का? लातूर-नांदेडकडं कुणी असं वापरत असेल तर कृपया सांगा. लग्नसराईची कामं अडकलीत.