रेसवरून आलेल्या घोड्याला पुठ्ठा (मागचा भाग) इशाऱ्यावर बाजूला सोडायला आधी शिकवावं का?

टापटाप: रेसमधून रिटायर झालेले थरोब्रेड (रेसच्या जातीचे घोडे) रायडिंग क्लबात येतात आणि आल्या आल्या त्यांना गोल गोल दुडकीवर पळवायला सुरुवात. माझं मत, पहिला धडा पुठ्ठा बाजूला घेण्याचा, तोही खाली उभं राहून. जॉकीच्या रिकिबी एवढ्या आखूड की पोटरीचा इशारा या घोड्याला ठाऊकच नसतो, आणि दोन्ही लगाम ताणले की थांबायचं सोडून तोंडातल्या बिटवर (लगामाच्या कडीवर) रेलून अजून सुटतो कारण ट्रॅकवर तेच शिकलाय. मग मान किंचित आपल्याकडे घ्या, तंगाच्या (खोगिराच्या पोटपट्ट्याच्या) मागे बरगडीवर बोट ठेवा, आतला मागचा पाय दुसऱ्याच्या पुढून क्रॉस झाला की त्याच क्षणी बोट काढा. जोर सगळा मागच्या पायांत असतो, तेच क्रॉस होत असतील तर उधळणार कशाच्या जिवावर?

जुनं_खोगीर: साफ असहमत. अमेरिकन काउबॉयचे व्हिडिओ बघून जो तो पुठ्ठा फिरवत सुटलाय. टॉम डोरन्स, रे हंट ही तिकडची घोडे शिकवणारी जुनी मंडळी पुठ्ठा सोडवून तिथंच थांबत नव्हती हो, लगेच खांदा आणायचे, सरळ पुढे काढायचे, व्हिडिओवाल्यांनी तेवढंच गाळलं. नुसतं क्रॉस करायला शिकलेला घोडा दाब आला की मागून फिरून मोकळा होतो, अंगावर भार घेतच नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये घोडेस्वारीचा गुरू ला गेरिनिएरने शोल्डर-इन मांडला, म्हणजे खांदा आत घेऊन तिरकं चालवणं, त्यात आतला मागचा पाय पोटाखाली येऊन वजन उचलतो, पुठ्ठ्यावरचा खरा ताबा तो. आधी पुढची चाल आणि सरळपणा, बाकी सगळं नंतर. आणि कॅंटरमध्ये (मध्यम वेगाच्या दौडीत) एक लगाम खेचून थांबवणारे तर महान, पावसाळ्यात चिखलात घोडा आडवा झाला की कळेल.

मोतद्दाराची_लेक: दादा, काका, आधी घोडा दुखतोय का ते तरी बघा ना!! एका बाजूला छान सोडतो आणि दुसऱ्या बाजूला शेपूट झटकतो, कान पाडतो, म्हणजे हट्टीच आहे असं का धरता? बिचारा एकाच बाजूला वळणाऱ्या ट्रॅकवर पळलेला, चढणं-उतरणं सगळं डावीकडून. पाठ, मागचे सांधे, नाल बघा, डॉक्टरला दाखवा, मग भांडा.

टापटाप: ताई, एकदम मान्य. काका, कॅंटरचं मी बोललोच नाहीये, हे उभ्या घोड्यावर आणि चालीत पक्कं करायचं. तुमचा शोल्डर-इन भारीच, पण तो बसवायला मुरलेला स्वार लागतो. इथे रविवारी त्याच घोड्यावर दहा वर्षांचं पोर बसतं, हॉर्न ऐकून घोडा दचकला तर त्या पोराने ला गेरिनिएर आठवायचा का?

जुनं_खोगीर: दचकणाऱ्या घोड्यावर पोर बसवतंच कोण, हा माझा प्रश्न आहे. 2023 ला हांगझौच्या एशियाडमध्ये आपल्या टीमने ड्रेसाजचं (शिकवलेल्या चालींच्या स्पर्धेचं) गोल्ड घेतलं, त्यातला हाफ-पास बघा. पुठ्ठा बाहेरच्या पायाला ऐकतोय, घोडा आडवा सरकतोय आणि पुढची ओढ तसूभर कमी नाही.

टापटाप: ते घोडे लहानपणापासून त्याच कामाला तयार केलेले, काका. आपण कालपर्यंत रेस पळणाऱ्याबद्दल बोलतोय.

जुनं_खोगीर: बरं, चालीत शिकवा, पण दर वेळी क्रॉस झाल्यावर चार पावलं सरळ पुढे काढायचीच. नाहीतर वर्षभराने हाच घोडा "पुढेच जात नाही" म्हणून दुरुस्तीला पाठवतात, आणि तेव्हा फी मी दुप्पट सांगतो.