रेस्टॉरंट वीक: श्रावणात चालेल असं कुठे मिळालं?

नमस्कार मंडळी,

न्यूयॉर्कचा उन्हाळी रेस्टॉरंट वीक सुरू आहे, म्हणजे बरीच रेस्टॉरंटं ठरलेल्या किमतीत ठरलेलं जेवण देतात. नाव 'वीक', पण चालतो तीन-चार आठवडे. गेल्या दहा दिवसांत मी तीन ठिकाणी जेवून आले, तिन्ही मला नवीन. सासूबाई पुण्याहून आल्या आहेत. त्या श्रावण पाळतात: कांदा-लसूण चालतो, पण मांस, मासे, अंडं काही नाही.

पहिलं ग्रीक, मिडटाउनमध्ये, दुपारचं ३० डॉलरवालं. गिगांतेस नावाचे अंगठ्याएवढे पांढरे, राजम्यासारखे दाणे टोमॅटोत मंद आचेवर शिजवलेले होते. सासूबाईंनी पहिल्याच घासाला विचारलं, "गूळ घातलाय का गं?" नव्हता. कांदा-टोमॅटोच इतका मुरला होता की गोडी उतरली होती. पालक भरून भाजलेल्या 'पाय' या पदार्थात अंडं आहे, हे वाढणाऱ्या मुलीनं न विचारता सांगितलं. तिचे आभार मानावे तितके थोडे.

दुसरं पेरू देशातल्या जेवणाचं. तिथली काउसा मी घरी करून बघणार आहे. उकडलेला बटाटा कुस्करून त्यात लिंबू आणि त्यांची पिवळी मिरची मळतात, मध्ये अवाकाडोचा थर, आणि खायची थंडगार. एरवी त्यात चिकन किंवा ट्यूना असतो, अंड्याचं मेयोनीजही. आम्ही आधी विचारलं म्हणून दोन्ही वगळून दिली.

तिसरं इटालियन, रात्रीचं ४५ डॉलरचं. मेनूवर रिसोट्टोपुढे (त्यांचा मऊ भात) शाकाहाराची खूण होती. निम्मी बशी संपल्यावर माझ्या मनात आलं म्हणून विचारलं, तर भात चिकनच्या स्टॉकमध्ये, म्हणजे चिकन उकळलेल्या पाण्यात, शिजवलेला. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. रागावल्या नाहीत, परतताना पाथ ट्रेनमध्येही काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसलेल्या पाहिल्या आणि मला भरून आलं. चूक माझी, मी आधी विचारायला हवं होतं.

त्यांना अजून एकदा न्यायचं आहे. नेमकं काय विचारावं, हे कोणी सांगेल का?

– जर्सी सिटीहून, गणपतीच्या स्वयंपाकगटातली

———

ताई,

वाचून वाईट वाटलं. पण त्यांना परत नक्की घेऊन जा.

मी हा प्रकार सुरुवातीपासून पाहतोय. १९९२ च्या जुलैत मॅडिसन स्क्वेअर गार्डनला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन होतं. बाहेरून आलेल्यांना शहराचं जेवण कळावं म्हणून रेस्टॉरंटांचं मार्गदर्शक पुस्तक काढणारे टिम झॅगट आणि रेस्टॉरंटवाले जो बाउम यांनी ही कल्पना काढली. दुपारच्या जेवणाची किंमत सालावरून ठेवली: १९ डॉलर ९२ सेंट. ज्या दारांसमोरून आम्ही नुसते चालत जायचो, तिथे एकोणीस डॉलरात टेबल मिळणं ही आमच्यासाठी फार मोठी गोष्ट होती. टाय बांधून गेलो होतो.

आपल्यापैकी किती जणांना 'टॅब्ला' हे रेस्टॉरंट आठवतं? मॅडिसन स्क्वेअर पार्कसमोर, १९९८ ते २०१०. शेफ फ्लॉइड कार्डोझ, मुंबईत जन्मलेले, गोव्याच्या घरातले. २०११ मध्ये 'टॉप शेफ मास्टर्स' ही टीव्हीवरची स्वयंपाकाची स्पर्धा ते जिंकले तेव्हा अंतिम फेरीत त्यांनी उपमा केला होता, सोबत अळंबी, नारळाचं दूध आणि कोकम! ते टीव्हीवर पाहताना आमच्या हिच्या डोळ्यांत पाणी आलं. मार्च २०२० मध्ये ते कोविडनं गेले. आपलं कोकम त्या पंगतीला बसवणारा माणूस म्हणून मी त्यांना कायम नमस्कार करतो.

– एडिसनहून, वाचनालयवाले काका

———

ताई, काका, नमस्कार.

मी चार वर्षं मॅनहॅटनमध्ये एका रेस्टॉरंटमध्ये वाढण्याचं काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. चिकनचा स्टॉक बहुतेक स्वयंपाकघरांत सकाळीच मोठ्या पातेल्यात चढतो आणि दिवसभर सूप, सॉस, रिसोट्टो सगळ्यात जातो. तो आचाऱ्याला पाण्यासारखा झालेला असतो. त्यामुळे "हे व्हेजिटेरियन आहे का?" एवढं विचारून भागत नाही. "कशात शिजवलंय?" असं विचारा.

फ्रेंच अनियन सूप म्हणजे मुळात बीफचा स्टॉक. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही नावाचे बारीक मासे. पान्ना कोत्ता या गोड पदार्थात जिलेटिन, तेही प्राण्यांपासूनचं. खरं पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय (दूध साकळवणाऱ्या विरजणाशिवाय) बनत नाही, तो नियमच आहे. पास्तावर ते किसून येतं, तेव्हा 'चीज नको' हे ऑर्डर देतानाच सांगा. थाई आणि व्हिएतनामी ठिकाणी फिश सॉसचं विचारा. तळलेलं काही मागवलं तर तेल वेगळं आहे का, तेही.

रिझर्व्हेशनच्या नोंदीत लिहून ठेवा, आणि दुपारी तीन ते पाचच्या मध्ये फोन करा. तेव्हा शेफ बोलायला मोकळा असतो. रेस्टॉरंट वीकचा मेनू ठरलेला, माल मोजून आणलेला, त्यामुळे टेबलावर बसल्यावर बदल करणं आम्हाला खरंच कठीण जातं. आदल्या दिवशी कळलं तर आनंदानं करतो.

आणखी एक मनापासून सांगते. जुलै-ऑगस्ट हे मंदीचे महिने, टेबलं भरावीत म्हणून मालक किंमत उतरवतात. आमचं काम मात्र दुप्पट होतं आणि बिल लहान, म्हणून टिपही लहान. आमचा मूळ पगार टिप धरूनच ठरलेला असतो. २० टक्के ठेवा, प्लीज.

– क्वीन्सहून

———

मी विद्यार्थी आहे, म्हणून हिशेब मांडतो. ३० डॉलरवर ८.८७५ टक्के टॅक्स आणि २० टक्के टिप धरली की ३८.६६ होतात. ४५ चे ५७.९९, ६० चे ७७.३३. पेय वेगळं. म्हणून मी फक्त दुपारी जातो. शनिवारी बहुतेक ठिकाणी हा मेनू नसतोच. जर्सीकरांनी गाडी काढू नये: मॅनहॅटनमध्ये साठाव्या स्ट्रीटच्या दक्षिणेला गाडी नेली तर दिवसा ९ डॉलर टोल लागतो, बोगद्यातून आल्यास त्यात थोडी सूट मिळते, पण पार्किंगचं काय?

– ब्रुकलिनहून

———

सगळ्यांचे आभार.

काल साडेतीनला एका तुर्की ठिकाणी फोन केला आणि क्वीन्सच्या ताईंनी सांगितलं तसं "कशात शिजवलंय" विचारलं. शेफ स्वतः फोनवर आला. मसूरचं सूप त्यांच्याकडे रोज चिकनच्या स्टॉकमध्ये होतं. आमच्यासाठी गुरुवारी वेगळं पातेलं पाण्यावर लावतो म्हणाला. ऑलिव्ह तेलात शिजवलेली वांगी आणि दुधातला तांदळाचा पुडिंगही देणार आहे, अंडं न घालता.

सासूबाईंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "त्याच्यासाठी काहीतरी घेऊन जाऊ." आता डब्यात नारळाच्या वड्या तयार आहेत.

गुरुवार, दुपारी साडेबारा, ३० डॉलरचं जेवण. टेबल सहा जणांचं सांगितलं आहे, चार जागा रिकाम्या आहेत. काका, काकूंना घेऊन याल का? ग्रोव्ह स्ट्रीटच्या पाथ स्टेशनवर पावणेबाराला भेटू.

– जर्सी सिटीहून